८०-८५ च्या पुढे स्टिअरिंग हातात धरवत नाही. जुनी हायब्रिड, तीन गॅरेज झाली

पायथ्याची_मास्तरीण (सातारा)

नमस्कार. गाड्यांच्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

गाडी २०१४ ची पेट्रोल-हायब्रिड सेडान, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटार दोन्ही असलेली. काकांनी नवी घेतली होती, २०२१ मध्ये त्यांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा माझ्याकडे आली. आता १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष गाडीचा, रस्त्याचा की माझ्या देखभालीचा हेच अजून कळलेलं नाही, आणि उगाच कुणाला बोल लावायचा नाही.

माझे वडील, अण्णा, ७८ वर्षांचे आहेत. डोळ्याच्या पडद्याला सूज आहे म्हणून दर महिन्याला पुण्याला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. परत येताना एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने मुळातच कमी दिसतं. एसटीने नेणं मला जमत नाही. मी स्वतः चालवते, सकाळी सहाला निघायचं, नऊला दवाखान्यात.

गेल्या मंगळवारी आणेवाडीचा टोलनाका ओलांडला आणि पाचवडच्या पुढे, ८५ च्या आसपास, स्टिअरिंग थरथरायला लागलं. हे आधीही व्हायचं, पण मोबाइल व्हायब्रेटवर असावा तेवढंच. या वेळी स्टिअरिंगवरची माझीच बोटं मला दोन-दोन दिसत होती. थर्मासचं झाकण वाजायला लागलं. वेग ७० वर आणला, थरथर कमी झाली, गेली नाही. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर उताराला जे इंग्रजी एससारखं वळण आहे, तिथे गाडी वळवताना स्टिअरिंगने हाताला दोन-तीन हिसके दिले. मागे कंटेनर होता. कशीबशी वळण संपवून डावीकडे थांबले. अण्णा म्हणाले, "पंक्चर आहे का गं?" चारी चाकं बघितली, हवा होती. तिथून ५० च्या वेगाने पुण्यापर्यंत गेले आणि तशीच परत आले. घरी आल्यावर खांदे दोन दिवस दुखत होते.

आता गॅरेजांचं सांगते. ऑगस्टमध्ये एका टायरवाल्याकडे बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि पुढची चाकं मागे, मागची पुढे असं सगळं करून घेतलं. चौदाशे रुपये. आठवडाभर बरं वाटलं, मग हळूहळू सुरू झालं. दुसऱ्या गॅरेजने गाडीला बिघाड शोधायचा संगणक लावला, "कोड काही येत नाही" म्हणाले, आणि मग, "हायब्रिड आहे ना मॅडम, बॅटरीची मोटार झटके देत असणार, आम्ही हायब्रिडला हात लावत नाही." तिसऱ्याने दहा मिनिटांत सांगितलं की स्टिअरिंग रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग, गेलाय. १ लाख १० हजार, तीन आठवडे लागतील. मी विचारलं, रॅक बदलल्यावर थरथर नक्की जाईल का? तर म्हणाले, "बघू, नंतर पुढचं बघता येईल."

तिघांपैकी कुणीही गाडी ६० च्या वर पळवून बघितली नाही. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

डॅशबोर्डवर कुठलाही दिवा लागलेला नाही. अ‍ॅव्हरेज नेहमीसारखा आहे. अण्णांचं पुढचं इंजेक्शन २४ तारखेला आहे आणि ते चुकवून चालत नाही. मला तीन गोष्टी कळायला हव्यात. हे खरंच बॅटरी-मोटारीचं असू शकतं का? रॅकवर लाखभर घालण्याआधी मी काय तपासून घेऊ? आणि २४ ला या गाडीतून अण्णांना नेऊ की नको?

---

लालडबा (पनवेल)

ताई, घाबरू नका. माझ्या आधीच्या गाडीत हुबेहूब असंच व्हायचं, मी दोन वर्षं तशीच चालवली. ८० च्या खाली ठेवा, काही होत नाही. आणि टायरमधली हवा तीन-चार पॉइंट कमी करून बघा, गाडी मऊ चालते आणि थरथर बसते. जुन्या गाडीत थोडंफार असतंच. रॅक मात्र लगेच बदलू नका, एवढे पैसे घालण्यासारखी गोष्ट नाही ती.

---

पाना_सतरा_एकोणीस (कोल्हापूर)

ताई, माझं सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचं काम आहे, २२ वर्षं झाली. सगळ्यात आधी सांगतो, कारण पुढचं वाचायच्या आधी हे कळलं पाहिजे: गाडी हायवेला काढू नका. गल्लीत हलवायची असेल तर हलवा, पण महामार्ग बंद.

लालडबा भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, पण हवा कमी करायचा सल्ला मागे घ्या. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, जास्त तापते. टायरच आतून सुटलेला असेल तर त्याला तापवणं म्हणजे तो फुटण्याची वेळ जवळ आणणं. ताई, दरवाज्याच्या खांबावर जी पट्टी चिकटवलेली असते त्यावर लिहिलेली हवा ठेवा, कमीही नको, जास्तही नको.

आता बॅटरीचं. तुमच्या गाडीतली मोठी बॅटरी मागच्या सीटच्या मागे पडून असते. तिच्यात फिरणारी वस्तू एकच, गार करायचा पंखा. तो धुळीने भरला तर बॅटरी तापेल, दिवा लागेल. त्याने स्टिअरिंग हलत नाही. मोटार गिअरबॉक्समध्ये असते, ती खराब झाली तर गाडी तुम्हाला दिवा दाखवल्याशिवाय राहणार नाही. आणि "कोड नाही" म्हणजे गाडीत काही नाही, असं होत नाही. टायरच्या आतला तारांचा पट्टा सुटला, सांध्यातला रबरी बुश फाटला, नट ढिला झाला, हे बघायला तिथे कुठला सेन्सर बसवलेलाच नसतो. संगणकाला जे दिसतं तेवढंच तो सांगतो. बाकीचं हाताने आणि डोळ्याने बघावं लागतं.

तुम्ही सांगितलंत त्यात मला दोन गोष्टी फार खटकल्या. एक, थरथर वाढत चाललीय. बॅलन्सिंग बिघडलेलं असलं तर ते बिघडलेलंच राहतं, आठवड्याआठवड्याला वाढत नाही. वाढतंय म्हणजे काहीतरी सुटतंय, ढिलं होतंय, फाटतंय. दुसरी, ऑगस्टमध्ये चाकं काढून परत बसवलीत. म्हणून आजच्या आज, आता अंधार पडायच्या आत, टूलकिटमधला पाना घ्या आणि चारही चाकांचे सगळे नट तपासा. चाक जमिनीवर असतानाच. एखादा नट सहज फिरला तर लगेच इथे लिहा. नट ढिले होऊन चाक निसटलेली गाडी मी टोचन करून आणलेली आहे, म्हणून सांगतो.

आणि या प्रश्नांची उत्तरं द्या. ब्रेक दाबल्यावर थरथर वाढते का? अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर वाढते का? अगदी हळू, २०-३० च्या वेगाला, गाडी कशी चालते? ऑगस्टमध्ये चाकं अदलाबदल करायच्या आधी थरथर कुठे होती, स्टिअरिंगमध्ये की अंगाखाली, सीटमध्ये? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट आठवून द्या.

---

पायथ्याची_मास्तरीण (सातारा)

दादा, मनापासून आभार. तुमचं वाचलं आणि लगेच खाली गेले. शेजारच्या मुलाला बोलावलं, दोघांनी मिळून वीसच्या वीस नट बघितले. सगळे घट्ट आहेत, एकही हलला नाही.

ब्रेक: हलका दाबल्यावर काही फरक नाही. जोरात दाबल्यावर थोडी वाढल्यासारखी वाटते, पण खात्रीने सांगता येणार नाही.

अ‍ॅक्सिलरेटर: नाही. दाबलं काय, सोडलं काय, सारखीच.

हळू वेगाला: काल कॉलनीतल्या रस्त्यावर मुद्दाम बघितलं. २५ च्या वेगाला थरथर नाही, पण स्टिअरिंग हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे असं डुलतं. नावेत बसल्यासारखं. रस्ता सपाट होता, मी दोन वेळा जाऊन बघितलं. आणि तेव्हा इंजिन बंद होतं, समोरच्या पडद्यावर फक्त बॅटरीकडून चाकाकडे बाण दिसत होता.

चाकं बदलायच्या आधीचं: हे मी विसरूनच गेले होते. तुम्ही विचारलंत म्हणून अण्णांना विचारलं, कारण ते नेहमी मागे बसतात. ते लगेच म्हणाले, "मे महिन्यात मी तुला सांगत नव्हतो का, सीट खालून गुरगुरतेय म्हणून? तू म्हणालीस, रस्त्याचं काम चाललंय." खरंच सांगितलं होतं त्यांनी. दोन-तीनदा सांगितलं होतं. आणि ऑगस्टनंतर त्यांनी एकदाही तक्रार केलेली नाही.

---

आटपाट_एडिसन (न्यू जर्सी)

ताई, तुमच्या वडिलांनी अर्धं निदान करून ठेवलंय. मी इथे २००८ ची हायब्रिड अकरा वर्षं वापरली, त्यातून शिकलेलं सांगतो. बाकी हाताचं काम कोल्हापूरकर दादांनाच जास्त कळतं.

हायब्रिडचा एक फायदा साध्या गाडीत मिळत नाही. इंजिन बंद आणि गाडी पळतेय, ही अवस्था तुम्हाला रोज मिळते. त्या वेळीही डुलणं चालू आहे म्हणजे इंजिन, त्याचे माउंटिंग, प्लग, इंजेक्टर हे सगळं एका फटक्यात यादीतून बाद. उरतं ते चाकाबरोबर फिरणारं किंवा चाकाला धरून ठेवणारं. शिवाय या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग बांधलेले नसतात. थरथर दर वेळी ठरावीक वेगालाच येत असेल तर ती चाकाची आहे.

हिशोब करून बघा. तुमच्या टायरचं माप २१५/६० आर १६ धरलं तर टायरचा घेर साधारण २.०९ मीटर होतो. ९० च्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला बारा वेळा फिरतं. टायरवर एक उंचवटा असेल तर तो सेकंदाला बारा ठोके देणार, आणि पुढच्या सस्पेन्शनला साधारण याच सुमाराचे ठोके सोसत नाहीत, ते स्वतःच त्या तालावर हलायला लागतं. म्हणून बोटं दोन-दोन दिसतात. २५ च्या वेगाला तोच उंचवटा सेकंदाला तीन-साडेतीनदा येतो. तेव्हा थरथर वाटत नाही, नावेसारखं डुलणं वाटतं. दोन्ही लक्षणं एकाच गोष्टीची आहेत.

ब्रेकबद्दल थोडं वेगळं. हायब्रिडमध्ये गाडीचा वेग बराचसा मोटार कमी करते, डिस्क आणि पॅड कमी वापरले जातात. ऐकायला छान वाटतं, पण कमी वापरामुळे डिस्क गंजतात आणि पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना जाम होतात. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, माझ्या गाडीच्या पिना त्यानेच गेल्या. पॅड डिस्कला चिकटून राहायचा, डिस्क तापायची, आणि तासाला ६० मैलांवर ब्रेक दाबला की स्टिअरिंग धडधडायचं. तुमचा मुख्य त्रास हा नाही असं वाटतं, पण चाकं उतरवाल तेव्हा पिना हाताने सरकतात का बघून घ्या.

एक सावधगिरी, कारण तुमच्या भागातल्या मेकॅनिकला हायब्रिडची सवय नसेल. कॅलिपर उघडायच्या आधी गाडीची चावी घरात लांब ठेवायला सांगा आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी सोडवायला सांगा. अनेक हायब्रिडमध्ये दार उघडलं की ब्रेकचा पंप आपोआप दाब तयार करतो. कॅलिपर उघडा असताना तसं झालं तर पिस्टन बाहेर येतो, हात सापडू शकतो.

आणखी एक, चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी आहे का बघा. १७ अक्षरांचा असतो, आरसीवर मिळेल. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये टोयोटाने स्टिअरिंगच्या मधल्या शाफ्टसाठी जगभरातून सुमारे २७ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या, त्यात दुसऱ्या पिढीची प्रियसही होती. ते दुखणं वेगळं होतं, त्याचा तुमच्या थरथरीशी संबंध जोडू नका. पण काकांच्या काळातलं एखादं पत्र आलेलं असेल आणि राहून गेलं असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

---

पाना_सतरा_एकोणीस (कोल्हापूर)

अण्णांना माझा नमस्कार सांगा.

मागचं चाक खराब असलं की थरथर सीटमध्ये येते, पुढचं खराब असलं की स्टिअरिंगमध्ये. मे महिन्यात सीट गुरगुरत होती, ऑगस्टमध्ये मागची चाकं पुढे आली, आणि त्रासही पुढे आला. त्रास चाकाबरोबर फिरला. रॅक काही मागून पुढे येत नाही. रॅकचे एक लाख दहा हजार तुमच्याकडेच ठेवा.

बॅलन्सिंग केल्यावर आठवडाभर बरं का वाटलं तेही सांगतो. मशीन फक्त वजन बघतं. टायर एका जागी फुगलेला असला तरी समोरच्या बाजूला शिसं चिकटवून मशीनवर शून्य आणता येतो. पण वजन बरोबर झालं तरी गोल नसलेला टायर गोल होत नाही. फुगा वाढला की तो शून्यही गेला.

आता हे करा. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. गाडी बंद करायच्या आधी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून ठेवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड दिसायला लागते. मग गाडी पूर्ण बंद, चावी घरात. हायब्रिड गप्प उभी असते, चालू आहे की बंद कळत नाही, म्हणून चावी घरात म्हणतोय. गाडी जॅकवर घेऊ नका, तसंच बघा. हातात जाड मोजा घाला, कारण पट्टा सुटला असेल तर पोलादी तार बाहेर आलेली असते, ती हात कापते. टायरच्या नक्षीवर आडवा हात ठेवून फिरवा. जेवढा टायर दिसतो तेवढा झाला की गाडी फूटभर पुढे घ्या, परत बंद करा, परत बघा. चारही टायर. घाई करू नका.

रिमच्या आत शिशाचे तुकडे किती आहेत तेही मोजा. आणि टायरवर लंबगोलात चार आकडे शोधा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. बाहेरच्या बाजूला नसले तर आतल्या बाजूला असतात.

---

पायथ्याची_मास्तरीण (सातारा)

सापडलं. हात अजून थरथरतोय, म्हणून थोडं अस्ताव्यस्त लिहिलं जाईल.

उजवं पुढचं चाक व्यवस्थित होतं. डाव्या पुढच्याला पहिल्या दोन वेळा काही मिळालं नाही. तिसऱ्यांदा गाडी फूटभर पुढे घेतली आणि आतल्या कडेजवळ हात फिरवत गेले. खाचा एकसारख्या लागत होत्या, एक, एक, एक, आणि मग हात आपोआप वर उचलला गेला. पोळी तव्यावर एकाच बाजूने फुगते ना, तसं. चार बोटं मावतील एवढा लांब उंचवटा. त्याच्यावरची नक्षी झिजून गुळगुळीत झालीय, आजूबाजूची मात्र चांगली चार-पाच मिलिमीटर आहे. उंचवट्याच्या कडेला केसाएवढी चीर, आणि त्या चिरेत टॉर्च मारला तर पिवळसर तारेचं टोक चमकलं. बाहेरच्या बाजूने बघितलं तर टायर नव्यासारखा दिसतो. मी रोज याच टायरकडे बघून गाडीत बसत होते.

रिमच्या आत शिशाचे तुकडे मोजले. पाच-पाच ग्रॅमचे अठरा. ओळीने चिकटवलेले. नव्वद ग्रॅम. ज्याने ऑगस्टमध्ये हे अठरा तुकडे चिकटवले, त्याच्या डोळ्यासमोर तो टायर फिरत होता. त्याने फक्त एकदा आत हात घातला असता तर.

तारीख २३१७. म्हणजे २०१७ च्या जूनमधला. मी गाडी घेतली तेव्हाच चार वर्षांचा होता. "नक्षी आहे, अजून वीस हजार चालेल," असं मला सांगितलं गेलं आणि मी ते मान्य केलं. टायर झिजतो हे मला माहीत होतं, न झिजताही तो आतून संपतो हे माहीत नव्हतं.

त्या वळणावर माझ्या मागे कंटेनर होता आणि मागच्या सीटवर अण्णा. मी अण्णांना उंचवटा दाखवला. त्यांना नीट दिसलं नाही, म्हणून मोजा घालून त्यांनी हात लावून बघितला. काही बोलले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले.

---

लालडबा (पनवेल)

ताई, वर मी जे लिहिलं ते चुकीचं होतं आणि धोक्याचं होतं. हवा कमी केली असतीत तर काय झालं असतं हा विचार करवत नाही. मनापासून माफी मागतो. मी माझे टायर आज संध्याकाळी बघतो.

---

पाना_सतरा_एकोणीस (कोल्हापूर)

ताई, ते चाक आजच उतरवा आणि स्टेपनी लावा. स्टेपनीही गाडीएवढीच जुनी असेल, म्हणून तिच्यावर टायरच्या दुकानापर्यंतच, ४० च्या आत. चारही टायर एकाच वयाचे असतील तर चारही बदला. पैसे लागतील, पण एक नवा आणि तीन आठ वर्षांचे अशी गाडी मी तरी हायवेला सोडणार नाही. बहुतेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दर वर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्या म्हणतात, आणि दहा वर्षं ही शेवटची मर्यादा. आपल्याकडचं ऊन, खड्डे, सिमेंटचा रस्ता बघता मी गिऱ्हाइकाला सहा वर्षांनंतर बदलायला सांगतो. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पण तो हिशोब झिजण्याचा आहे, वयाचा नाही.

नवे टायर बसवताना उभं राहून चार गोष्टी करून घ्या. चाक जिथे बसतं त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करायला सांगा, गंजावर बसलेलं चाक तिरकं बसतं. नट हवेच्या गनने आवळून सोडून देऊ देऊ नका, शेवटी टॉर्क पान्यानेच आवळायला लावा. किती ते तुमच्या पुस्तकात असेल, माझ्याकडे येणाऱ्या या आकाराच्या गाड्यांना १०३ न्यूटन मीटर असतं. गाडी लिफ्टवर आहेच तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) मागचे बुश आणि टाय रॉडची (चाक वळवणाऱ्या दांड्याची) टोकं पहारीने हलवून दाखवायला सांगा. एवढे महिने ठोके खाल्लेत, बुश फाटलेला निघाला तर नवल नाही. आणि एडिसनच्या साहेबांनी सांगितलेल्या पिना.

नारिंगी रंगाच्या केबलना कुणी हात लावायचा नाही. दोनशे व्होल्टच्या पुढचा करंट असतो त्यात. पण चाक, आर्म, बुश, टाय रॉड हे काम करताना त्या केबलशी संबंधच येत नाही. "हायब्रिड आहे म्हणून हात लावत नाही" म्हणणाऱ्याला हे सांगा.

---

पायथ्याची_मास्तरीण (सातारा)

काल काम झालं. सगळं लिहिते, म्हणजे पुढे कुणाला असाच त्रास झाला तर वाचता येईल.

चार नवे टायर, या वर्षीचेच, दुकानात तारीख वाचूनच घेतले. दुकानदार जरा वैतागला, पण आतून दुसरा संच आणला. डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला निघाला, पहार लावल्यावर तोंड उघडल्यासारखा उघडला. तो बदलला, मग अलाइनमेंट. ब्रेकच्या पिनांपैकी उजवीकडची खालची जाम होती, मेकॅनिकने काढून साफ केली, ग्रीस लावलं. चावी मी पर्समध्ये घेऊन समोरच्या हॉटेलात बसले होते आणि बॅटरीची तार सोडवलेली होती. त्या तरुण मेकॅनिकला ब्रेकच्या पंपाचं माहीत नव्हतं. त्याने मोबाइलमध्ये लिहून घेतलं. सगळं मिळून ३८ हजारांच्या आत बसलं.

रिकॉल बघितला, बाकी काही नाही.

जुना टायर मी दुकानात सोडला नाही. दुकानदार म्हणाला ठेवून जा, भंगारात जाईल. पण असे टायर पुन्हा कुणाच्या तरी स्टेपनीत जातात हे मी ऐकलंय. त्याच्याकडूनच दोन्ही बाजूंनी कटरने चिरून घेतला आणि मगच दिला. चिरल्यावर दिसलं, रबराचा वरचा थर आणि खालचा तारांचा पट्टा यांच्यात बोट जाईल एवढी फट होती आणि आत बारीक काळी पूड साचली होती. किती दिवस ते दोन थर एकमेकांवर घासत होते कोण जाणे.

आज सकाळी एकटीच पाचवडपर्यंत जाऊन आले. ६०, ७०, ८०, ९०. स्टिअरिंगवर फक्त दोन बोटं ठेवून बघितलं. काही नाही. परत येताना टोलनाक्याच्या पुढे गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

२४ ला अण्णांना घेऊन जातेय. त्यांना सांगितलंय, सीट गुरगुरली की लगेच बोलायचं, आणि मी ऐकलं नाही तर पुन्हा बोलायचं.

दादा, आणि न्यू जर्सीचे दादा, तुम्ही दोघांनी गाडी बघितलेली नाही, मलाही बघितलेलं नाही, तरी एवढा वेळ दिलात. अण्णांचा आशीर्वाद आहे तुम्हाला.

---

पाना_सतरा_एकोणीस (कोल्हापूर)

ताई, वाचून बरं वाटलं. एक राहिलं. चाकं नव्याने बसवलीत, तर ८० ते १०० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा एकदा आवळून घ्या. २४ ला निघायच्या आधी. गाडी गार असताना, सकाळी.

---

पायथ्याची_मास्तरीण (सातारा)

आज २३. सकाळी साडेसहाला पाना लावला. एकोणीस नट जागचे हलले नाहीत. डाव्या पुढच्या चाकाचा एक, व्हॉल्व्हच्या शेजारचा, किंचित फिरला आणि मग घट्ट बसला.